बिडाची जुनी कोळशाची रेंज हाती लागली तर: आधी वाचा, मग खोला, पेटवणं सगळ्यात शेवटी

मुंबईत चोरबाजारात, दारूखान्याच्या भंगारात किंवा एखादा जुना बंगला पाडताना मागच्या किचनमधून अशी रेंज, म्हणजे साहेबी घरातली स्वयंपाकाची मोठी बिडाची (कास्ट आयर्नची) चूल, अजूनही कधीकधी निघते. काळी, गंजलेली, दीड-दोनशे किलोची, मध्ये निखाऱ्याची जागा, बाजूला ओव्हन, वर हॉटप्लेट. भंगारवाला ती किलोवर घेतो आणि घणाने फोडून नेतो, बीड ठिसूळ असतं, त्याला फोडायला वेळ लागत नाही. म्हणून मिळाली तर सोडू नका. पण घरी आणल्या आणल्या ग्राइंडर चालवायला बसू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो, कारण तिची सगळी माहिती तिच्याच अंगावर कोरलेली असते आणि ती एकदा घासली गेली की गेली.

तर पहिलं काम वाचायचं. मऊ ब्रशने धूळ झाडा, ओव्हनच्या दाराची आतली बाजू, राखेच्या कप्प्याचं तोंड, डँपरची (धुराचा मार्ग उघडबंद करणाऱ्या झडपेची) मूठ, हॉटप्लेटच्या झाकणांची खालची बाजू सगळं बघा. अंधार करून मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरा, उठावाच्या अक्षरांची सावली पडते आणि वाचता येतात, नाहीतर खडू आडवा फिरवा. फाउंड्रीचं, म्हणजे बीड ओतणाऱ्या कारखान्याचं, नाव मिळालं तर अर्धं काम झालं. कॅरन (ही १७५९ पासूनची), स्मिथ अँड वेलस्टूड, कोलब्रुकडेल अशी ब्रिटिश नावं दिसू शकतात. चौकटीसारखी उभी खूण, म्हणजे हिऱ्याचा आकार आणि कोपऱ्यांत अक्षरं, असेल तर डिझाइन १८४२ ते १८८३ मध्ये रजिस्टर झालंय, वरच्या गोलातला रोमन एक म्हणजे धातूचा वर्ग. १८८४ पासून खूण गेली आणि सरळ आरडी (Rd, म्हणजे रजिस्टर्ड) नंबर आले, १८९० च्या सुरुवातीला ते १,४१,००० च्या आसपास होते आणि १९०० ला ३,५१,००० च्या. एक लक्षात ठेवा, ही डिझाइनची तारीख, तुमच्या रेंजची नाही, चालणारं मॉडेल पुढे कितीतरी वर्षं ओतलं जायचं. ही रजिस्टरं लंडनला क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, त्यांचा कॅटलॉग घरबसल्या शोधता येतो. काळ्या घोड्याला आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आहे ना, त्या स्टोअर्सचे जुने कॅटलॉगही बघा, घरसामानाची चित्रं आणि किमती असायच्या त्यात.

नंबर नसेल तर बांधणी बघा. निखारा वरून उघडा असेल तर जुना प्रकार, वर प्लेटने झाकलेला असेल तर बंद रेंज, तिचं पेटंट एक्सेटरच्या जॉर्ज बॉडलीने १८०२ मध्ये घेतलं.

खोलायच्या आधी फोटो काढा, प्रत्येक बाजूने, आणि प्रत्येक भागाला तारेने नंबर बांधा. आतला धुराचा मार्ग तर समजून घ्याच. डँपर उघडा असला की धूर थेट चिमणीत जातो, तो पेटवताना. डँपर बंद केला की गरम वायू ओव्हनच्या वरून, बाजूने, खालून फिरून मग वर जातात, म्हणून ओव्हन सगळीकडून तापतो. या मार्गात काजळी साफ करायची छोटी झाकणं असतात, ती हरवली तर रेंज धूर कधीच नीट ओढणार नाही.

आता खरी लढाई, गंजलेले बोल्ट. जोर लावलात की बोल्ट तुटतो नाहीतर त्याच्यासकट बिडाचा कान तुटतो, आणि कान तुटणं जास्त वाईट. पेनिट्रेटिंग ऑइल टाकून रात्रभर ठेवा, हातोडीने हलके ठोके द्या, मग गॅसच्या ब्लो-टॉर्चने आजूबाजूचं बीड हळूहळू तापवून सांध्यावर मेणबत्ती टेकवा, मेण आत ओढलं जातं. एकदा घट्ट, एकदा सैल असं फिरवा, एकाच दिशेला ओढत बसू नका. तरी नाही आला तर कापा आणि ड्रिलने काढा. इथे नागदेवी स्ट्रीटला जाताना जुना बोल्ट सोबत न्या, कारण आटे मिलिमीटरचे नाहीत, व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचे आहेत. दुकानदाराला सुतात सांगा, दोन सूत म्हणजे पाव इंच, अडीच सूत, तीन सूत, तो लगेच काढून देतो.

दारांच्या कडेला किंवा ओव्हनमागे पांढरी-राखाडी दोरी, पत्रा असं काही निघालं तर ते ॲस्बेस्टॉस समजूनच वागा. कोरडं खरवडू नका, पाणी मारून ओलं करून काढा, डबल पिशवीत भरा, चांगला मास्क घाला, लहान मुलं जवळ नकोत. नवीन दोरी घेताना फायबरग्लास किंवा सिरॅमिक रोप मागा, नुसती गरम भट्टीची दोरी मागितली तर ॲस्बेस्टॉसचीही मिळू शकते. जुना रंग, इनॅमल असेल तर शिसं असू शकतं, तेही कोरडं घासू नका.

गंज काढायला सँडब्लास्टिंग पटकन होतं, पण मला ते आवडत नाही, बारीक नक्षी बोथट होते. सुट्या भागांना सोड्याचं टब चांगलं. प्लास्टिकच्या टबात दहा लिटर पाण्याला साधारण शंभर ग्रॅम धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची मायनस वायर रेंजच्या भागाला, प्लस साध्या लोखंडी पट्टीला. पट्टी स्टेनलेसची अजिबात नको, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो म्हणून उघड्यावर करा, बिडी-सिगारेट लांब. बाहेर काढल्यावर लगेच धुवा, पुसा, उन्हात तापवा आणि तेल लावा, मुंबईच्या हवेत संध्याकाळपर्यंत परत केशरी होतं.

तडा आहे का बघायला भाग टांगून हलकेच ठोका, चांगलं बीड घंटेसारखं वाजतं, तडकलेलं बद्द आवाज करतं. गल्लीतल्या गेटवाल्या वेल्डरकडून साध्या रॉडने वेल्ड करून घेऊ नका, शेजारीच नवीन तडा जातो. तड्याच्या दोन्ही टोकांना भोक, आधी भाग तापवणं, निकेलचा रॉड, इंच-इंचभर वेल्ड, प्रत्येकावर हातोडीचे ठोके, आणि मग कोरड्या चुन्यात किंवा वाळूत पुरून हळू थंड करणं, हे करणारा माणूस शोधा. निखाऱ्याखालची तुटलेली जाळी मात्र नवीनच ओतून घ्या, कोल्हापूरकडे फाउंड्र्या भरपूर आहेत. जुन्या भागावरून साचा घेतला तर नवीन सुमारे एक टक्का लहान येतो, बीड थंड होताना आकसतं, ते आधीच बोलून घ्या.

जोडताना सांध्यांत फायर सिमेंट, निखाऱ्याच्या जागेत फायर ब्रिक. बाहेरून चकचकीत ऑइलपेंट नको, ग्रॅफाइटची पॉलिश पातळ लावून ब्रशने घासा, तो काळा-रुपेरी रंगच तिचा मूळ रंग. हॉटप्लेटवर स्वयंपाक करणार असाल तर तिथे पॉलिश लावू नका, बिडाच्या तव्याला सीझनिंग करतो तसं जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या.

ठेवायची कुठे हेही आधी ठरवा. लाकडी तुळयांच्या जुन्या चाळीत इंजिनियरला विचारल्याशिवाय वर चढवू नका. फ्लॅटमध्ये चिमणी नसेल तर ती फक्त बघण्यासाठी, कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय माणूस मारतो. शहरात तर बेकऱ्यांनासुद्धा हायकोर्टाने २०२५ मध्ये लाकूड-कोळसा सोडायला सांगितलंय. अलिबागला, माथेरानला स्वतंत्र घर असेल तर नीट चिमणी बांधून वापरता येईल, तेही तिथले नियम विचारून.

आणि निखाऱ्यामागे पाण्याचा बॉयलर आहे का ते पेटवण्याआधी बघाच. तो रिकामा असताना किंवा त्याचे पाइप बुजलेले असताना पेटवला तर फुटू शकतो, माणसं मेलीत अशाने. शंका असेल तर बॉयलर काढून ती जागा फायर ब्रिकने भरा.

पहिला जाळ मूठभर लाकडांचा, फायर सिमेंट पूर्ण वाळल्यावरच. दुसऱ्या दिवशी थोडा मोठा, कोळसा त्यानंतर. गरम प्लेटवर गार पाणी सांडू देऊ नका, तिथेच तडकेल. जूनच्या आत सगळी काजळी काढा, कोळशाच्या काजळीत गंधक असतं, दमट हवेत त्याचं आम्ल होऊन आतून बीड खातं, मग डँपर उघडा ठेवा म्हणजे हवा खेळेल, आणि पावसाळाभर आठवड्याला एकदा तेलाचा फडका फिरवा.