कॉर्डलेस ड्रिल घेताना आधी भिंत बघा
पडद्याचा रॉड लावायला हौसेनं ड्रिल आणायचं आणि भिंतीत बिटच (भोक पाडणारी पुढची दांडी) शिरायचं नाही, असं नको असेल तर:

1. लाकूड, प्लाय, पत्रा एवढंच काम असेल तर 12 व्होल्टचं हलकं ड्रिल पुरे.
2. विटांच्या भिंतीला 18 व्होल्टचं, हॅमर मोड (फिरताना ठोकेही देणारी सोय) असलेलंच घ्या, बिट मेसनरीचं, म्हणजे वीट-बांधकामासाठीचं. खोक्यावर '20 व्होल्ट मॅक्स' असलं तरी ते 18चंच, त्यापायी जास्त पैसे मोजू नका. स्लॅब-कॉलमला रोटरी हॅमर (काँक्रीटसाठीचं, जोरात ठोके देणारं ड्रिल) भाड्यानं आणलेला बरा.
3. किमतीत बॅटरी-चार्जर धरलाय का, विचारा. लाईट वारंवार जात असेल तर दोन बॅटऱ्यांचा सेटच घ्या.

आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर जातो. बॅटरी पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. तापलेली असेल तर निवल्यावरच चार्जिंगला लावा.