सर्व्हिस सुरू होत नाही तेव्हा: घरगुती नेटवर्कची कामे शिकणाऱ्यांसाठी

हार्डवेअर आणि नेटवर्किंगचा अभ्यासक्रम पूर्ण करून जे विद्यार्थी प्रत्यक्ष कामाला लागतात, त्यांना केबलची जोडणी, आयपी पत्ते आणि राउटरची सेटिंग हे सारे बहुधा चांगले येत असते. पहिल्या काही महिन्यांत त्यांच्यापुढे येणारी तक्रार मात्र निराळीच असते. दोन खोल्यांत दोन संगणक आहेत, दोन्हींवर इंटरनेट व्यवस्थित चालते, परंतु एकावरचे फोल्डर किंवा प्रिंटर दुसऱ्यावरून उघडत नाही. आणि सर्व्हिसेसच्या, म्हणजे विंडोजमध्ये पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामांच्या, यादीत जाऊन संबंधित सर्व्हिस सुरू करू गेले, तर ती सुरू करता आली नाही असा संदेश आणि सोबत एक क्रमांक देऊन विंडोज थांबते. घरून काम करणारे करसल्लागार, शिकवणी घेणारे शिक्षक, घराला लागूनच दुकान असलेले व्यापारी यांच्याकडे मी अनेक वर्षे ही कामे करत आलो आहे. त्यातून पक्की झालेली गोष्ट सुरुवातीलाच सांगतो: संदेशात जिचे नाव येते ती सर्व्हिस बहुतेक वेळा बिघडलेली नसते. ती ज्यांच्या आधाराने चालते त्यांच्यापैकी कोणीतरी बंद असते, आणि तेथपर्यंत उतरत जाणे हेच आपले काम असते.

शेअरिंग म्हणून आपण ज्याला एकच काम समजतो, ते विंडोजमध्ये वेगवेगळ्या सर्व्हिसेस मिळून करतात. आपली फोल्डरे आणि प्रिंटर इतरांना देण्याचे काम ‘सर्व्हर’ या सर्व्हिसचे, तर इतरांची फोल्डरे उघडण्याचे काम ‘वर्कस्टेशन’ या सर्व्हिसचे असते. नेटवर्कच्या खिडकीत संगणकांची नावे दिसण्यासाठी ‘फंक्शन डिस्कव्हरी’च्या दोन सर्व्हिसेस लागतात. म्हणून यंत्राला हात लावण्यापूर्वी, नेमके काय होत नाही, हे घरच्या मंडळींकडून समजून घ्यावे आणि स्वतः करून पाहावे. नेटवर्कची खिडकी रिकामी आहे, पण दुसऱ्या संगणकाचा आयपी पत्ता थेट टाकला तर फोल्डर उघडते, असे असेल तर सर्व्हर आणि वर्कस्टेशन दोन्ही ठीक आहेत आणि शोध डिस्कव्हरीच्या बाजूला घ्यायचा आहे. इतरांना आपले फोल्डर उघडता येते, पण आपल्याला कोणाचेच उघडत नाही, असे असेल तर संशय वर्कस्टेशनवर जातो. एवढ्या तपासणीला पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि तिच्याशिवाय केलेली दुरुस्ती अंदाजाची ठरते.

यानंतर क्रमांक पाहावा. संदेश जसाच्या तसा लिहून घ्यावा किंवा त्याचे छायाचित्र काढावे. ‘काहीतरी एरर येतो’ या सांगण्यावर कधीही काम सुरू करू नये. १०५८ म्हणजे सर्व्हिस मुद्दाम बंद ठेवलेली आहे. तिचा ‘स्टार्टअप टाइप’ बदलला की काम होते, फक्त ती कोणी आणि का बंद केली होती एवढे विचारून घ्यावे. १०५३ म्हणजे सर्व्हिसने ठरलेल्या मुदतीत उत्तर दिले नाही. ही मुदत सर्वसाधारणपणे ३० सेकंदांची असते आणि जुन्या, मंद हार्ड डिस्कच्या संगणकांवर हा क्रमांक अधिक दिसतो. १०७९ म्हणजे एकाच प्रक्रियेत चालणाऱ्या सर्व्हिसेसची खाती जुळत नाहीत. बहुधा कोणीतरी ‘लॉग ऑन’ या टॅबमध्ये खाते बदलून ठेवलेले असते.

सर्वांत जास्त वेळा भेटणारा क्रमांक १०६८ आहे. त्याचा अर्थ एवढाच, की ही सर्व्हिस ज्यावर अवलंबून आहे ते सुरू झाले नाही. त्याचा सख्खा भाऊ १०७५; त्यात अवलंबून असलेली गोष्ट बंद नसते, तर अस्तित्वातच नसते. नवोदित येथे अडकतात याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सर्व्हिसच्या गुणधर्मांमध्ये ‘डिपेन्डन्सीज’ हा टॅब असतो आणि त्यात आधारांची नावे दिसतात, परंतु त्यांतली काही नावे सर्व्हिसेसच्या मुख्य यादीत शोधूनही सापडत नाहीत, कारण ते ड्रायव्हर, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात चालणारे छोटे प्रोग्राम, असतात आणि त्या यादीत ड्रायव्हर दाखवले जात नाहीत. त्यांची अवस्था पाहायची तर कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडून ‘एससी क्वेरी’ आणि पुढे ड्रायव्हरचे नाव असे लिहावे लागते. एखाद्या सर्व्हिसचे आधार कोणते, हे ‘एससी क्यूसी’ने कळते. येथे सर्व्हिसचे दिसणारे नाव चालत नाही, मूळ नाव द्यावे लागते. सर्व्हरचे मूळ नाव ‘लॅनमॅनसर्व्हर’ आणि वर्कस्टेशनचे ‘लॅनमॅनवर्कस्टेशन’. हीच आज्ञा विंडोज पॉवरशेलमध्ये द्यायची असेल, तर ‘एससी’ला ‘डॉट ईएक्सई’ जोडण्यास विसरू नये, कारण तेथे नुसत्या ‘एससी’चा अर्थ फाइलमध्ये मजकूर लिहिणे असा होतो.

याच्या जोडीला ‘इव्हेंट व्ह्यूअर’ या विंडोजच्या नोंदवहीतील सिस्टिम लॉग वाचावा. सर्व्हिसेस सुरू-बंद करणाऱ्या सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरने केलेल्या नोंदींत ७००० ही सर्व्हिस सुरू न झाल्याची, ७००१ ही आधार सुरू न झाल्यामुळे अडल्याची, ७००३ ही आधारच सापडत नसल्याची, तर ७०२३ ही सर्व्हिस चुकीचा संकेत देऊन बंद पडल्याची असते. संगणक सुरू झाल्यापासूनच्या नोंदी काळानुसार लावून त्यांतली सर्वांत जुनी तक्रार आधी वाचावी. नंतरच्या अनेक तक्रारी तिच्यातूनच निघालेल्या असतात.

एक प्रसंग तपशिलाने सांगतो, कारण या प्रकारची बरीच प्रकरणे त्याच्यासारखी असतात. एका करसल्लागारांच्या घरी हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा एका संगणकावर होता आणि दुसऱ्यावर तो नेटवर्क ड्राइव्ह म्हणून जोडलेला होता. महिन्याची २० तारीख, म्हणजे जीएसटीच्या ‘३बी’ विवरणपत्राची मुदत, तोंडावर आलेली असताना दुसऱ्या संगणकावरचा तो ड्राइव्ह उघडेनासा झाला. वर्कस्टेशन सुरू करताना १०६८ येत होता. ‘एससी क्यूसी’ने आधारांची नावे काढली, तेव्हा त्यांत ‘बाउझर’, ‘एमआरएक्सएसएमबी१०’, ‘एमआरएक्सएसएमबी२०’ आणि ‘एनएसआय’ अशी नावे आली. त्यांतला ‘एमआरएक्सएसएमबी१०’ हा ड्रायव्हर बंद करून ठेवलेला होता. हा ड्रायव्हर एसएमबी या शेअरिंगच्या नियमावलीची पहिली आवृत्ती बोलतो, आणि सुरक्षेसाठी ती आवृत्ती बंद करावी हा सल्ला योग्यच आहे. तो अमलात आणणाऱ्याने मात्र ड्रायव्हर बंद केला आणि वर्कस्टेशनच्या आधारांच्या यादीतून त्याचे नाव काढले नाही. दुरुस्ती म्हणून ‘एससी कॉन्फिग’ने ती यादी बाउझर, एमआरएक्सएसएमबी२० आणि एनएसआय एवढीच ठेवली, संगणक रीस्टार्ट केला आणि ड्राइव्ह उघडला. ही आज्ञा लिहिताना ‘डिपेन्ड’नंतरचे बरोबरीचे चिन्ह शब्दाला चिकटून आणि त्यापुढे एक मोकळी जागा, असे लिहावे लागते. यादी बदलण्यापूर्वी विंडोजच्या त्याच आवृत्तीच्या एखाद्या निरोगी संगणकावर तीच यादी काय आहे ते पाहून घ्यावे आणि जुनी यादी वहीत उतरवून ठेवावी.

अशा ठिकाणी दुसरी वाटही दिसते: एसएमबीची पहिली आवृत्ती पुन्हा चालू करावी, म्हणजे आधार सुरू होईल आणि वर्कस्टेशनही. ती वाट घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या आवृत्तीतील गंभीर त्रुटीवर दुरुस्ती दिली आणि १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रामने ती दुरुस्ती न घेतलेल्या असंख्य संगणकांवरील फाइली कुलूपबंद केल्या. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात आलेल्या विंडोज १०च्या १७०९ या आवृत्तीपासून, नव्याने विंडोज टाकताना एसएमबीची पहिली आवृत्ती एक तर बसवलीच जात नाही, किंवा होम आणि प्रो यांसारख्या आवृत्त्यांत तिचा दुसऱ्यांची फोल्डरे उघडणारा भाग काही दिवस न वापरल्यास आपोआप काढला जातो. जुने प्रिंटर-स्कॅनर आणि काही जुनी साठवणयंत्रे फक्त तीच जाणतात, आणि मग ‘अहो, परवापर्यंत स्कॅन येत होतं’ असे ऐकावे लागते. अशा वेळी स्कॅन ईमेलवर किंवा पेनड्राइव्हवर घेण्याची सोय करून द्यावी आणि कारण शांतपणे समजावून सांगावे. ज्या घरात लोकांच्या पॅन कार्डांच्या प्रती आणि ताळेबंद आहेत, तेथे एका स्कॅनरसाठी दार उघडे ठेवणे हे आपल्या कामाशी प्रामाणिक राहणे नव्हे.

आधारांची साखळी कधी कधी अगदी अनपेक्षित जागी जाते. टीव्हीवर संगणकातील चित्रफिती दाखवणारी ‘विंडोज मीडिया प्लेयर नेटवर्क शेअरिंग’ ही सर्व्हिस ‘विंडोज सर्च’वर अवलंबून असते, आणि संगणक वेगवान व्हावा म्हणून विंडोज सर्च बंद करण्याचा सल्ला तर सर्रास दिला जातो. त्यामुळे टीव्हीची तक्रार आली तर वेग वाढवण्यासाठी अलीकडे काही केले होते का, हा प्रश्न अवश्य विचारावा.

डिस्कव्हरीच्या बाबतीत लक्षण असे असते, की ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ चालू करून सेव्ह केले आणि तेच पान पुन्हा उघडले, तर ती बंदच दिसते आणि कोणताही संदेश येत नाही. त्या वेळी ‘डीएनएस क्लायंट’, ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’, ‘एसएसडीपी डिस्कव्हरी’ आणि ‘यूपीएनपी डिव्हाइस होस्ट’ या चार सर्व्हिसेस पाहाव्यात; त्यांतली एखादी बंद असते. विंडोज १०च्या १८०३ आवृत्तीनंतर अनेक घरांत संगणकांची नावे दिसेनाशी झाली, तेव्हा फंक्शन डिस्कव्हरीच्या सर्व्हिसेस ‘ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट’वर ठेवणे हाच उपाय उपयोगी पडला. राउटर बदलल्यावर विंडोज नव्या नेटवर्कला ‘पब्लिक’ धरते आणि शेअरिंग अडवते, हेही ध्यानात असू द्यावे. तेथे सर्व्हिस नादुरुस्त नसतेच, केवळ प्रोफाइल ‘प्रायव्हेट’ करायचे असते.

१८०३ या आवृत्तीतच, म्हणजे २०१८ मध्ये, ‘होमग्रुप’ ही घरातील संगणकांत सोपे शेअरिंग करून देणारी सोय काढून टाकण्यात आली. २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर ती आली होती, आणि विंडोज ७ चे संगणक अजूनही काही घरांत फक्त जुन्या प्रिंटरसाठी किंवा जुन्या हिशेबांसाठी राखलेले असतात. त्यांवर होमग्रुप अडले तर ‘पीअर नेटवर्किंग ग्रुपिंग’, तिच्याखाली ‘पीअर नेम रिझोल्यूशन प्रोटोकॉल’ आणि त्याच्याखाली ‘पीअर नेटवर्किंग आयडेंटिटी मॅनेजर’ असे उतरावे लागते. मधल्या सर्व्हिसने ८०६३०८०१ हा संकेत दिला, तर लोकल सर्व्हिसच्या खात्याच्या ‘अ‍ॅपडेटा, रोमिंग, पीअरनेटवर्किंग’ या फोल्डरातील ‘आयडीस्टोअर डॉट एसएसटी’ ही फाइल खराब झालेली असण्याची शक्यता मोठी. सर्व्हिसेस थांबवून त्या फाइलचे नाव बदलावे. विंडोज नवी फाइल स्वतः तयार करते. पुसण्याऐवजी नाव बदलले की मागे परतता येते. होमग्रुपला आयपीव्ही६ लागते, आणि ते बंद करण्याची सवय अनेकांना असते, म्हणून नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमधील ती खूणही पाहावी. विंडोज १० किंवा ११ असेल तर होमग्रुप शोधण्यात वेळ घालवू नये. साधे फोल्डर शेअरिंग आणि दोन्हीकडे पासवर्ड असलेले खाते पुरेसे होते.

काही घरांत जुन्या संगणकावर लिनक्स टाकून ‘साम्बा’ या विंडोजशी जुळणाऱ्या सॉफ्टवेअरने शेअरिंग केलेले असते. डेबियन किंवा उबुंटूवर ‘साम्बा’ या नावाची सर्व्हिस सुरू करू पाहिली, तर ती ‘मास्क्ड’, म्हणजे सुरूच होऊ नये अशी ठेवलेली, असल्याचे उत्तर येते आणि नवखा माणूस बिघाड समजतो. प्रत्यक्षात तेथे फाइल शेअरिंगच्या सर्व्हिसचे नाव ‘एसएमबीडी’ आहे, तर फेडोरावर ते ‘एसएमबी’ आहे. ती खरोखरच सुरू होत नसेल तर प्रथम ‘टेस्टपार्म’ चालवून सेटिंगची फाइल तपासावी आणि मग ‘जर्नलसीटीएल’ने तिच्या नोंदी वाचाव्यात. संगणकांची नावे सांभाळणारी ‘एनएमबीडी’ ही सर्व्हिस मात्र आयपीव्ही४ पत्ता मिळेपर्यंत वाट पाहत राहते, म्हणून राउटर उशिरा सुरू झाला तर तिच्या सुरू होण्याची मुदत टळून जाऊ शकते.

हे सारे ग्राहकाच्या यंत्रावर शिकण्याची गरज नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये दोन आभासी संगणक तयार करून त्यांत विंडोज एंटरप्राइजची ९० दिवसांची मूल्यमापन आवृत्ती टाकावी, मागे परतता यावे म्हणून त्या अवस्थेचा स्नॅपशॉट घ्यावा, आणि मग एकेक आधार मुद्दाम बंद करून कोणता क्रमांक येतो, कोणती नोंद होते आणि कोणत्या सर्व्हिसेस सोबत पडतात ते वहीत लिहावे. मी ज्यांना कामावर शिकवले, त्यांच्यात हा सराव केलेली मुले इतरांपेक्षा कितीतरी लवकर स्वतंत्रपणे काम करू लागली. पाठ केलेल्या उपायांच्या याद्या तेवढ्या उपयोगी पडल्या नाहीत.

घरी जाऊन काम करताना क्रम सांभाळावा. आधी रीस्टोअर पॉइंट, मग एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाची नोंद. फायरवॉल किंवा अँटिव्हायरस बंद करून तपासणी करणे सर्व्हिसच्या बिघाडात निरर्थक असते, कारण सर्व्हिस सुरूच झाली नसेल तर फायरवॉलने अडवण्यासारखे काही नसते. ‘नेटवर्क रीसेट’चा पर्याय अगदी शेवटी ठेवावा, त्याने हाताने दिलेला आयपी पत्ता आणि व्हीपीएनची जोडणी जाते, आणि आपल्यामागे घरच्यांना त्याचा त्रास होतो. सिस्टिमच्या फाइली खराब असल्याचा संशय असेल तर ‘डिझम’ या विंडोजच्याच साधनाने दुरुस्ती करून मग फाइली तपासणारी ‘एसएफसी स्कॅननाऊ’ ही आज्ञा चालवावी.

काम झाल्यावर संगणक बंद करून पुन्हा चालू करण्यावर समाधान मानू नये. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’मध्ये प्रणालीचा गाभा आणि ड्रायव्हर यांची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत आणली जाते, आपण दुरुस्त केलेले ड्रायव्हर नव्याने सुरू होतात की नाही याची परीक्षा ‘रीस्टार्ट’नेच होते. रीस्टार्टनंतर काही मिनिटे थांबून दुसऱ्या संगणकावरून फोल्डर उघडावे, त्यात एक छोटी फाइल तयार करून पुसावी, प्रिंटरवर एक पान काढावे, आणि जेथे वीज वारंवार जाते अशा घरी राउटर व संगणक एकाच वेळी चालू करूनही शेअरिंग येते का ते पाहूनच निघावे.