अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकलवर सामान चढवण्यापूर्वी

अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकलचे, म्हणजे कच्च्या-पक्क्या रस्त्यांवर लांबच्या प्रवासासाठी बनवलेल्या गाडीचे, मालक आपल्या गाडीची जी छायाचित्रे हौसेने दाखवतात, ती बहुधा पुढून, जराशा तिरक्या कोनातून आणि गाडी धुऊनपुसून काढलेली असतात. सामानाविषयी काही ठरवायचे असेल तर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. उपयोगी छायाचित्र मागून काढलेले असते: पूर्ण सामान चढवलेले, चालक सीटवर बसलेला आणि गाडी सपाट जागेवर सरळ धरलेली. म्हणून लांबच्या प्रवासाची तयारी पेट्या-पिशव्यांच्या खरेदीपासून नव्हे, तर वजनकाटा आणि अशा छायाचित्रापासून सुरू करावी.

सर्वांत आधी गाडीच्या माहितीपुस्तिकेत कमाल अनुज्ञेय एकूण वजन शोधावे आणि त्यातून इंधनासह गाडीचे स्वतःचे वजन वजा करावे. जे उरते ते चालक, सोबती, अंगावरचे संरक्षक कपडे, नंतर बसवलेली उपसाधने आणि सामान या सगळ्यांसाठी मिळून असते, हे बरेच जण विसरतात. बीएमडब्ल्यू आर १२५० जीएससारख्या भारदस्त गाडीचे वजन २४९ किलो आणि एकूण मर्यादा ४६५ किलो आहे. म्हणजे हाताशी २१६ किलो राहतात. हेल्मेट-बुटांसह ९५ किलोचा चालक आणि ७५ किलोचा सोबती बसला की ४६ किलो उरतात. त्यातून क्रॅश गार्ड, रॅक, बाजूच्या दोन्ही रिकाम्या पेट्या आणि टॉप बॉक्स (सीटमागे वर बसणारी पेटी) यांचे वजन वजा केल्यावर प्रत्यक्ष सामानासाठी किती शिल्लक राहते, याचा हिशेब कागदावर मांडावा. लहान गाड्यांत हा आकडा आणखी लवकर संपतो. पेट्यांची क्षमता लिटरमध्ये सांगितली जाते आणि खरेदीदारही लिटरच विचारतात, परंतु गाडीला लिटर कळत नाहीत, किलो कळतात.

त्यानंतर पॅनिअर, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लावायच्या पेट्या किंवा पिशव्या, कडक घ्यायचे की मऊ, हा वाद येतो. त्याचे उत्तर रस्त्यावर आणि गाडी किती वेळा आडवी होणार आहे यावर अवलंबून असते. अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्यांना कुलूप लागते, त्या उघडायला सोप्या असतात आणि मुक्कामी बसायला किंवा स्वयंपाकाला ओटा म्हणूनही चालतात. आपटून वाकल्या तर हातोडीने ठोकून झाकण पुन्हा बसण्याजोगे करता येते, तर प्लास्टिकची पेटी हलकी असली तरी तिला तडा गेला की वाटेत दुरुस्ती अवघड होते. मात्र वाळूत किंवा चिखलात तोल सावरायला पाय खाली टेकला आणि गाडी पुढे सरकत राहिली, तर कडक पेटीचा पुढचा कोपरा पोटरीवर येतो किंवा पाय तिच्याखाली सापडतो. या कारणाने ज्यांचा निम्मा मार्ग कच्चा आहे त्यांनी मऊ पिशव्याच घ्याव्यात असे माझे स्पष्ट मत आहे. कुलपाच्या सोयीसाठी पाय पणाला लावण्यात अर्थ नाही. पूर्ण डांबरी मार्ग आणि शहरांतले मुक्काम असतील तर मी उलट सल्ला देईन, कारण मऊ पिशवी धारदार पात्याने कापता येते आणि रोज बांधण्या-सोडण्यात वेळ जातो. रॅकविना सीटवर आडवी बसणारी घोड्याच्या खोगिरासारखी पिशवी हा तिसरा मार्ग आहे. तिच्यात रॅकचे वजन वाचते, पण जागा कमी असते, आणि सामान कमी नेण्याची शिस्त असलेल्यांनाच ती मानवते.

मऊ पिशवी घेतल्यास ती सायलेन्सरपासून किती दूर राहते हे गाडी उभी असताना नव्हे, तर मागचे सस्पेन्शन पूर्ण दाबले गेले असता पाहावे आणि उष्णतारोधक पत्रा लावावा. गुंडाळून बंद होणाऱ्या पिशवीच्या तोंडाला किमान तीन घड्या पडतील इतकी मोकळीक ठेवावी. गच्च भरल्यामुळे एकच घडी बसत असेल तर जलरोधक कापडाचा काही उपयोग नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीत उघडे कपडे ठेवू नयेत, कारण हादऱ्यांनी घासून धातूची काळी भुकटी सगळ्याला लागते; आत कापडी पिशवी हवीच.

मांडणीत जड वस्तू खाली आणि शक्य तितक्या पुढे असाव्यात. हत्यारे, सुट्या ट्यूब आणि पाणी पॅनिअरच्या तळाशी, चालकाच्या जवळच्या बाजूस ठेवावे, किंवा काही हत्यारे क्रॅश गार्डवरच्या लहान पिशव्यांत न्यावीत. झोपण्याची पिशवी आणि कपडे मागे व वर चालतात. टॉप बॉक्स मागच्या आसाच्याही मागे आणि उंचावर असतो, त्यामुळे त्यात भरलेले वजन पुढचे चाक हलके करते आणि वेग वाढला की हँडल डोलू लागते. अनेक टॉप बॉक्सची वजनमर्यादा म्हणूनच बरीच कमी असते, आणि गिवीसारखे उत्पादक पेट्या लावलेल्या गाडीसाठी ताशी १२० किलोमीटरची कमाल वेगमर्यादा सांगतात. सायलेन्सरच्या बाजूचे पॅनिअर बऱ्याचदा लहान असते, म्हणून दोन्ही बाजूंचे आकारमान नव्हे तर वजन सारखे करावे. प्रत्येक पिशवी काट्याला लटकवून पाहिल्याशिवाय हाताच्या अंदाजावर विसंबू नये.

बांधण्यासाठी लवचीक दोरीऐवजी बकल असलेले पट्टे वापरावेत. ताणलेल्या दोरीचा आकडा सुटून डोळ्याला इजा होऊ शकते, आणि सुटलेली दोरी मागच्या चाकात किंवा चेनमध्ये गुंतली तर चाक अडकते. पट्ट्याचे लोंबणारे टोकही याच कारणाने गुंडाळून बांधावे.

सामान चढल्यावर गाडीची बैठक बदलते, आणि इथेच बहुतेक याद्या थांबतात. मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) वाढवून, चालक व सामान धरून, एकूण हालचालीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकीच गाडी खाली बसेल असे पाहावे. मागचा भाग फार बसला तर पुढचे चाक हलके होते आणि हेडलाइट समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांत जातो, म्हणून प्रकाशाचा झोत रात्री भिंतीवर पाडून नव्याने लावावा. टायरचा दाब थंड टायरवर, पुस्तिकेतील पूर्ण भाराच्या आकड्याप्रमाणे भरावा. चेन असलेल्या गाडीत पुढचे स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चक्र), स्विंगआर्मची (मागचे चाक धरून वर-खाली हलणाऱ्या दांड्याची) कील आणि मागचा आस एका रेषेत आले की चेन सर्वांत ताठ होते. रिकाम्या गाडीवर जास्त आवळलेली चेन भरल्या गाडीवर खड्ड्यात बसताना बेअरिंगवर ताण आणते, त्यामुळे पुस्तिकेत सांगितलेला ढिलेपणा मुळीच कमी करू नये. चेनऐवजी शाफ्टने, म्हणजे फिरत्या दांड्याने, चाक फिरवणाऱ्या गाड्यांना हा प्रश्न नाही.

हत्यारांविषयी एकच कसोटी पुरते: जी हत्यारे बरोबर न्यायची आहेत, केवळ त्यांनीच अंगणात मागचे चाक काढून परत बसवावे. जे सापडले नाही ते यादीत घालावे आणि जे लागले नाही त्यावर विचार करावा. ट्यूब असलेल्या चाकांसाठी टायर काढायचे लिव्हर, ठिगळे आणि निदान पुढच्या २१ इंची चाकाची ट्यूब असावी, कारण अडचणीच्या वेळी ती १८ इंची मागच्या चाकात घालून जवळच्या दुकानापर्यंत जाता येते. उलट करणे जमत नाही. ट्यूबलेस असेल तर प्लग आणि लहान कॉम्प्रेसर पुरतो. चेनचा जोडदुवा, फ्यूज, क्लच व ब्रेकचे लिव्हर आणि केबल असल्यास तीही घ्यावी.

आता छायाचित्रे काढावीत. मागून काढलेल्या चित्रात नंबर प्लेट, इंडिकेटर आणि ब्रेकचा दिवा पिशवीआड जात नाहीत ना, पॅनिअर एका बाजूस झुकले नाही ना आणि पेट्यांची रुंदी हँडलपेक्षा किती जास्त आहे हे दिसते. ही रुंदी टेपने मोजून लक्षात ठेवावी. बाजूच्या चित्रात गाडी मागे किती बसली आहे आणि वजन आसाच्या किती मागे गेले आहे हे कळते. प्रत्येक पिशवी उघडी ठेवून आतील मांडणीचेही चित्र काढावे, म्हणजे पावसात किंवा अंधारात वस्तू शोधताना सगळे उपसावे लागत नाही आणि चोरी झाल्यास विम्यासाठी यादी तयार असते. हीच चित्रे इतर मालकांना दाखवून मत मागायचे असेल तर नंबर प्लेट झाकावी आणि चित्रासोबत गाडीचे मॉडेल, प्रत्येक बाजूचे वजन, एकटे की दुकटे आणि मार्ग कच्चा की पक्का एवढे लिहावे. हे नसेल तर येणारी उत्तरे ब्रँडच्या आवडीनिवडीपलीकडे जात नाहीत.

शेवटी पूर्ण भारासह एक दिवसाचा फेरफटका मारावा, ज्यात थोडा खराब रस्ता आणि एखादा जोराचा ब्रेक मुद्दाम असावा. परतल्यावर रॅकचे सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत, कारण नवे बोल्ट पहिल्या हादऱ्यांतच सैल होतात. पट्टे कुठे घासले आहेत ते पाहावे आणि पुन्हा त्याच जागेवरून मागचे छायाचित्र काढून पहिल्याशी ताडावे. पिशवी सरकली असेल तर बांधणी बदलून हीच फेरी पुन्हा करावी.