घरात नवा स्विच टू आलाय? या चुका टाळा

निन्टेन्डोचा स्विच टू, म्हणजे हातात धरून किंवा टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, जून २०२५मध्ये बाजारात आला. भारतात कंपनी तो अधिकृतपणे विकत नाही, म्हणून आपल्याकडे येतो तो सिंगापूरच्या मामाच्या बॅगेतून, नाहीतर आयात माल विकणाऱ्या दुकानातून. डबा फुटला की सगळं घर भोवती गोळा होतं आणि तासाभरात कोणीतरी जाहीर करतं, "हे बिघडलेलंच आलंय." बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. आपण त्याला मोबाईलसारखं वागवत असतो, एवढंच.

खरी फसगत मात्र खरेदीतच होऊ शकते. जपानमध्ये याचं एक स्वस्त मॉडेल निघालं. सुरुवातीची किंमत ४९,९८० येन, आणि अनेक भाषांचं मॉडेल ६९,९८० येन. टोकियोला निघालेल्याला "स्वस्त मिळाला तर घेऊन ये" म्हणालात, तर हेच गळ्यात पडणार. त्यात फक्त जपानी भाषा चालते आणि जपान हा देश निवडलेलं निन्टेन्डो खातंच त्याला जोडता येतं. मग सेटिंग कितीही धुंडाळा, इंग्रजी सापडणार नाही. आणणाऱ्याला मॉडेल आधीच नीट सांगा. वॉरंटीचं काय, हेही दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या; तोंडी आश्वासनाला काही अर्थ नाही.

दुसरी तक्रार हमखास येते: "टीव्हीवर काहीच दिसत नाही." अडॅप्टरच्या पिना परदेशी असतात, आपल्या सॉकेटमध्ये बसत नाहीत. मग कोणीतरी मोबाईलचा चार्जर डॉकला, म्हणजे यंत्र टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडला, लावून मोकळं होतं. हातात धरून खेळायचं असेल तर त्यावर यंत्र सावकाश का होईना, चार्ज होईल. टीव्हीसाठी ते पुरत नाही. सोबत आलेला अडॅप्टर ६० वॅटचा असतो, तोच डॉकला लावा. त्यावर १००–२४० व्होल्ट छापलंय का ते बघा आणि फक्त पिन बदलणारा कन्व्हर्टर घ्या. चित्र तरीही आलं नाही, तर डॉकमधून सगळ्या वायरी काढा, आधी अडॅप्टर लावा, मग टीव्हीला जाणारी एचडीएमआय वायर, आणि यंत्र शेवटी बसवा. टीव्हीचा इनपुट बरोबर आहे ना, हेही बघून घ्या. दुकानदाराला फोन फिरवण्याआधी हे करा.

स्क्रीनच्या कडेला एक पातळ फिल्म दिसते. नवा मोबाईल घेतल्यावर ती सोलायला हात शिवशिवतात, पण इथे सोलू नका. काच फुटलीच तर तुकडे उडू नयेत म्हणून ती कारखान्यातच लावलेली असते. टेम्पर्ड ग्लास लावायची तर तिच्यावरच लावा.

ड्रॉवरमधलं जुनं मेमरी कार्डही उपयोगाचं नाही. स्विच टूवर गेम साठवायला मायक्रोएसडी एक्स्प्रेस प्रकारचंच कार्ड लागतं. साध्या कार्डवरून जुने फोटो आणि व्हिडिओ फार तर आत घेता येतात. यंत्रातच २५६ जीबी जागा आहे, त्यामुळे कार्डाची घाई करू नका.

वाढदिवसाला गेम भेट देणार असाल तर डब्याच्या पुढच्या बाजूला खाली काय लिहिलंय ते वाचा. 'गेम-की कार्ड' असेल तर कार्डात गेम नसतोच, फक्त किल्ली असते. अख्खा गेम वाय-फायवरून उतरवावा लागतो, आणि खेळताना कार्डही आत लागतं. केक कापून झाल्यावर डाउनलोड सुरू केलात तर पाहुणी मुलं टक्क्यांचा आकडा बघत बसतील. आदल्या रात्रीच गेम उतरवून ठेवा, यंत्राचं अपडेटही तेव्हाच उरका. आणि घरात रांगतं बाळ असेल तर गेमची कार्डं उंचावर ठेवा. मुलांनी गिळू नयेत म्हणून त्यांना मुद्दाम कडू लेप दिलेला असतो, पण कडू लागायला आधी तोंडात जावं लागतं.

आता सगळ्यात जास्त भांडणं लावणारी गोष्ट: एकाच प्रोफाइलवर सगळ्यांनी खेळणं. सेव्ह केलेला खेळ प्रोफाइलपाशी बांधलेला असतो. दादाच्या प्रोफाइलवर धाकटीने 'नवा गेम' दाबला की दादाची मेहनत पणाला लागते. प्रत्येकाचं, अगदी आजीचंही, वेगळं प्रोफाइल काढा. घरातल्या घरात खेळायला प्रत्येकाला ऑनलाइन खातं लागत नाही. पण प्रोफाइल पुसलं की त्यातले सेव्हही जातात, तेव्हा साफसफाईचा उत्साह आवरा. ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स या बेट वसवायच्या गेमची गंमत आणखी वेगळी. तिथे प्रोफाइल कितीही असोत, एका यंत्रावर बेट एकच, आणि जो पहिल्यांदा गेम सुरू करेल तोच बेटाचा प्रमुख. बाकीच्यांना बेटाच्या प्रगतीतली महत्त्वाची कामं करताच येत नाहीत. "मी जरा बघतो कसा आहे" म्हणत बाबांनी रात्री गेम उघडला, तर सकाळी रडारड ठरलेली.

पालक नियंत्रणाचं ॲप फोनवर टाकून रोजचा एक तास ठरवला की काम झालं असं वाटतं. होत नाही. वेळ संपला की आधी फक्त सूचना येते. खेळ थांबायला हवा असेल तर 'सस्पेंड सॉफ्टवेअर' वेगळं चालू करावं लागतं. शिवाय हा वेळ सगळ्या यंत्राचा मिळून मोजला जातो. दुपारी आईने अर्धा तास गाड्या पळवल्या की संध्याकाळी मुलांच्या वाट्याला अर्धाच तास. पिन मात्र मुलांचा वाढदिवस ठेवू नका!

यंत्र ५ ते ३५ अंश तापमानात वापरायचं आहे. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात हे घरातही पाळणं अवघड, उन्हातल्या गाडीत तर अशक्यच. डॉक काचेच्या बंद टीव्ही युनिटमध्ये कोंबू नका, आणि गादीवर खेळताना वरची गरम हवेची फट पांघरुणाखाली जाऊ देऊ नका.

कंट्रोलरवरची स्टिक (अंगठ्याने फिरवायची दांडी) न हलवता गेममधलं पात्र आपोआप एकीकडे सरकू लागलं तर कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये स्टिक कॅलिब्रेट करून, म्हणजे पुन्हा जुळवून, बघा. स्क्रीन काळी पडून काहीच दाद देत नसेल तर पॉवरचं बटण निदान १२ सेकंद दाबून धरा, सोडा, आणि पुन्हा एकदा दाबा. तरीही शांतता असेल तर बॅटरी पार संपलेली असू शकते: मूळ अडॅप्टर थेट यंत्राला लावून काही तास तसंच राहू द्या, आणि तोवर दर दोन मिनिटांनी बटण दाबणाऱ्याला दुसऱ्या खोलीत पाठवा.