डेंग्यूचा डास कधी आणि कसा चावतो ते आधी बघा, मग बंदोबस्त करा

पावसाळा लागला की संध्याकाळी सातला खिडक्या बंद, कॉइल चालू, रात्री मच्छरदाणी, आणि एवढं करूनही घरात डेंग्यू येतोच, कारण ही सगळी तयारी असते रात्री कानाशी गुणगुणणाऱ्या क्युलेक्स डासासाठी, जो गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये वाढतो. डेंग्यू, चिकुनगुन्या, झिका पसरवणारा एडिस इजिप्ती म्हणजे तो पायांवर पांढरे पट्टे असलेला छोटा काळा डास, तो दिवसा चावतो. उजाडल्यावर दोनेक तास आणि अंधार पडायच्या आधीचे काही तास जास्तच, म्हणजे नेमकी पोरांची शाळेची आणि खेळायची वेळ. त्यामुळे लिक्विडचं मशीन सकाळीही लावा, पोरांना फुल पँट आणि मोजे घाला, कारण हा बहुतेक घोटे नि पोटऱ्यांनाच चावतो आणि आवाजही फारसा करत नाही. दिवसभर तो लपतो अंधाऱ्या कोपऱ्यात, पलंगाखाली, पडद्यामागे, दारामागे टांगलेल्या कपड्यांत, स्प्रे मारायचा तर तिथे मारा.

चावते फक्त मादी, तिला अंड्यांसाठी रक्तातलं प्रोटीन लागतं, नर फुलांच्या रसावर जगतो. आणि हिची खोड अशी की एका जागी बसून पोट भरत नाही, आपण जरा हात हलवला की उडते आणि शेजारच्याला चावते, मग तिसऱ्याला. एकाच घरातले तीन-चार जण लागोपाठ आजारी पडतात त्यात या सवयीचा मोठा हात आहे.

पेशंटचं रक्त प्यायली की लगेच ती आजार देऊ शकत नाही हं. व्हायरस आधी तिच्या पोटात वाढतो, मग लाळेच्या ग्रंथीत पोचतो, याला साधारण ८ ते १२ दिवस लागतात, आणि त्यानंतर ती मरेपर्यंत चावताना सोडलेल्या लाळेतून व्हायरस देऊ शकते.

म्हणून माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हे की मच्छरदाणी आधी आजारी माणसाला लावा, तीही दिवसा. रिपोर्टची वाट बघू नका, ताप आला त्याच दिवसापासून, कारण तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तात व्हायरस भरपूर असतो आणि तेव्हाच डास तो उचलतो. आपल्याकडे पेशंट दिवसभर हॉलमध्ये पंख्याखाली उघडाच झोपलेला असतो आणि भेटायला येणाऱ्यांची रांग! आणि तापाला मनाने आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन देऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो, पॅरासिटामॉल द्या आणि डॉक्टरांना दाखवा. ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं तर तडक हॉस्पिटल.

आता पाण्याचं. ही मादी अंडी घालते साठवलेल्या स्वच्छ पाण्याच्या भांड्यात, पण पाण्यात नाही, पाण्याच्या जरा वर भिंतीला चिकटवून. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, पाणी लागलं की अळ्या बाहेर. म्हणून कोरडा दिवस, म्हणजे साठवणीची भांडी रिकामी करायचा दिवस, पाळताना पिंप नुसतं ओतून पालथं घालणं पुरत नाही, आतून काथ्याने किंवा ब्रशने खसाखसा घासा, आणि आठवड्यातून एकदा घासाच, कारण अंड्यापासून उडणारा डास व्हायला ७ ते १० दिवस पुरतात. ज्या गावात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं तिथे साठवण्यावाचून इलाज नाही हे मान्य, तिथे बॅरलच्या तोंडाला जुन्या साडीचं किंवा धोतराचं कापड घट्ट बांधा, मोठ्या हौदात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा. बार्शीत १९७३ साली चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती, त्यामुळे हे फक्त मोठ्या शहरांचे आजार समजू नका.

फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, कूलर, गच्चीवरचे टायर, नारळाच्या करवंट्या, हे सगळं बघा. आणि सोसायटीत एखादा फ्लॅट महिनोन्‌महिने बंद असेल तर मालकाला फोन करून तिथलं कमोड झाकायला आणि बादल्या रिकाम्या करायला सांगा, कारण हा डास फार लांब उडत नाही, बहुतेक वेळा तो आपल्याच बिल्डिंगमध्ये जन्मलेला असतो.