पदवीचा निबंध आणि अहवाल: चांगला कसा लिहावा

आधी विषय लहान करा. ‘१८७५ चे दख्खनचे दंगे’ (सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव) हा नुसता विषय झाला. ‘पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात जमावाने सावकारांची कर्जखतं का जाळली?’ हा प्रश्न झाला, आणि त्याला १,५०० शब्दांत उत्तर देता येतं. ते उत्तर पहिल्याच परिच्छेदात एका वाक्यात मांडा. पुढे अवतरण दिलंत, की त्यातून काय सिद्ध होतं ते लगेच लिहा. बहुतेकांचे गुण इथेच जातात.

भौतिकशास्त्रात पुरावा म्हणजे मोजमाप. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण ९.८ ऐवजी ९.६ आलं, तर ‘मानवी चूक’ लिहून मोकळे होऊ नका. त्यातून काहीच कळत नाही. गोळ्याचा व्यास २ सेंमी आहे आणि लांबी त्याच्या मध्याऐवजी वरच्या टोकापर्यंत मोजली, तर ५० सेंमीचे ४९ भरतात. उत्तर तेवढ्यानेच २ टक्के घटतं. दोलनकालाच्या (एका पूर्ण झोक्याला लागणाऱ्या वेळेच्या) वर्गाचा लांबीशी आलेख काढा: रेषा आरंभबिंदू चुकवते, पण उतार बरोबर राहतो, आणि गुरुत्वत्वरण त्या उतारावरूनच काढता येतं. हे अहवालात जरूर लिहा.

सारांश मात्र सगळ्यात शेवटी लिहायला घ्या. आधी लिहिला, तर न निघालेले निष्कर्षही त्यात शिरतात.