बर्फ न घालता आंबा-केळ्याची घट्ट स्मूदी

स्मूदी पाणचट होते ती बर्फामुळे, म्हणून फळच गोठवा. हापूस किंवा केशरच्या बोटाएवढ्या जाड फोडी आणि सोललेल्या पिक्या केळ्याच्या चकत्या ताटात सुट्ट्या पसरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, मग डब्यात भरा. थेट डब्यात कोंबल्या तर सगळ्याचा एकच दगड होतो आणि मिक्सरचं पातं अडकतं.

दोन ग्लासांसाठी दीड वाटी आंबा, एक केळं, पाऊण वाटी गार दूध, पाव वाटी घट्ट दही, चिमूटभर मीठ. भांड्यात आधी दूध-दही, वर फळं. उलट केलं तर पातं नुसतंच फिरत राहतं. दहा-दहा सेकंद थांबत फिरवा, सलग चालवल्यास भांडं तापून स्मूदी वितळते. फिरेनाच तर दूध चमच्या-चमच्यानेच वाढवा. चमच्यावरून सावकाश, जाड धारेने ओघळली की झाली.

अननस घालायचा असेल तर दूध-दही वगळून नारळाचं दूध घ्या. ताज्या अननसातलं ब्रोमेलिन हे एन्झाइम (प्रथिनं तोडणारा घटक) दुधातली प्रथिनं तोडतं आणि थोड्याच वेळात कडवट चव येते. गोठवल्याने ते जात नाही. फोडी आधी शिजवल्या तरच जातं, पण मग ताजी चवही जाते.